कुंभारीचा माळ आणि कायद्याचा नकाशा

वन्यजीवाचा अधिवास म्हणजे त्याचे खाद्य, पाणी, विणीची जागा आणि फिरण्याचा मुलूख ज्या भूभागावर अवलंबून असतो तो भूभाग. आणि असा भूभाग बांधकामापासून वाचवण्यासाठी स्थानिक रहिवासी जेव्हा न्यायालयाची पायरी चढतात, तेव्हा त्या प्राण्याची दुर्मिळता किंवा रहिवाशांची तळमळ यांपेक्षा त्या जमिनीची सरकारी दप्तरातील नोंद अनेकदा अधिक निर्णायक ठरते. जमीन ‘वन’ म्हणून नोंदलेली असेल तर एक कायदा लागू होतो, ‘पाणथळ’ म्हणून नोंदलेली असेल तर दुसरा, अभयारण्यात असेल तर तिसरा, आणि यांपैकी काहीच नसेल तर वादी पक्षाला उभे राहायला कायद्याची भक्कम जमीनच मिळत नाही. सोलापूर शहराच्या पूर्वेला दक्षिण सोलापूर तालुक्यात पसरलेली कुंभारी, बोरामणी परिसरातील माळराने बहुतांशी या चौथ्या प्रकारात मोडतात, आणि म्हणूनच महाराष्ट्रात व गोव्यात गेल्या दोन दशकांत अधिवासासाठी जे न्यायालयीन लढे झाले, त्यांचा हिशेब या माळावरून मांडून पाहणे उद्बोधक ठरते.

माळ ओसाड नसतो

सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगरांनी ढग अडवल्यामुळे पाऊस कमी पडणाऱ्या पट्ट्यात येतो. काळ्या बेसॉल्ट खडकावर मातीचा थर जिथे खोल आहे तिथे ज्वारीची शेते आहेत आणि जिथे तो वीतभरही नाही तिथे माळ आहे. अशा उथळ मातीत आणि अनिश्चित पावसात मोठी झाडे तग धरत नाहीत. कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते मात्र दुष्काळात जमिनीखाली जीव धरून राहतात आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटतात. हे गवताळ प्रदेश जंगल तुटल्यामुळे उरलेले अवशेष आहेत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. परंतु त्यांच्यावर अवलंबून असणारी प्राणिसृष्टी पाहिली, की ही एक स्वतंत्र आणि पुरातन परिसंस्था आहे हे स्पष्ट होते.

काळवीट, खोकड आणि लांडगा हे या माळाचे सस्तन रहिवासी, तर माळढोक, तणमोर, धाविक, माळटिटवी, चंडोलांच्या अनेक जाती आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी हे त्याचे पंखवाले रहिवासी होत. यांतील बहुतेक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, दूरवर नजर टाकून शत्रू ओळखतात आणि उंच झाडी वाढली की ती जागा सोडून देतात. याचा अर्थ असा, की एरवी पुण्यकर्म मानले जाणारे वृक्षारोपण माळावर केले तर ते या प्राण्यांचे घर मोडते. माणसाचेही या परिसंस्थेशी जुने नाते आहे: धनगरांचे कळप माळावर चरतात, लांडगा त्या कळपांवर काही अंशी जगतो, आणि चराईचे प्रमाण बेतात असेपर्यंत गवत त्यामुळे मरत नाही.

महसुली दप्तरातील माळ

असे असूनही कागदावर माळाला स्वतःची ओळख नाही. इंग्रजी अमदानीतील महसूल पद्धतीने जमिनीची प्रतवारी मुख्यतः शेतसाऱ्याच्या दृष्टीने केली आणि सारा न देणारी जमीन ‘पडीक’ ठरवली. सातबारा उताऱ्यावर आजही लागवडीस अयोग्य भागाची नोंद ‘पोटखराब’ अशी होते, गावाच्या सामाईक चराईची जमीन ‘गायरान’ म्हणून दाखवली जाते, आणि केंद्र सरकारने उपग्रहचित्रांच्या आधारे तयार करवून घेतलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात देशातील गवताळ प्रदेशांचा मोठा भाग समाविष्ट आहे. पडीक मानलेली जमीन कारखाना, विमानतळ, सौरप्रकल्प किंवा गृहनिर्माण यांसाठी सर्वप्रथम सुचवली जाते, कारण तिथे काही गमावले जात आहे असे कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

वनकायद्याचा आधारही इथे अपुरा पडतो. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानुसार ‘वन’ या संज्ञेत शब्दकोशातील अर्थाने जे वन असेल ते आणि सरकारी अभिलेखात वन म्हणून नोंदलेले कोणतेही क्षेत्र, मालकी कोणाचीही असो, समाविष्ट होते. या आदेशाने देशातील असंख्य झाडीला संरक्षण मिळाले. परंतु शब्दकोशातील वन म्हणजे मुख्यत्वे झाडी असल्यामुळे झाडे नसलेला आणि वनखात्याच्या दप्तरात नसलेला माळ बहुतांशी त्या संरक्षणाबाहेर राहिला. २०२३ मध्ये वनसंवर्धन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने ही व्याख्या अभिलेखातील वनांपुरती आवळण्याचा प्रयत्न केला आणि १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने १९९६ चा व्यापक अर्थच तूर्त पाळण्यास सांगितले. मात्र या वादाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी उघड्या माळाच्या स्थितीत फारसा फरक पडण्यासारखा नाही.

कुंभारी, बोरामणी आणि विकासाची गरज

या माळांवर येणारा विकास हा सर्वस्वी नफेखोरीचा खेळ आहे, असे मानणे सोलापूरच्या बाबतीत अन्यायाचे होईल. सोलापूर हे विडी आणि वस्त्रोद्योगातील कामगारांचे शहर आहे. अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी येथे महिला विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तेथील घरे देण्यात आली. पुढे त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांच्या रे नगर प्रकल्पाची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यातील पंधरा हजार घरांचा पहिला टप्पा लाभार्थींच्या स्वाधीन केला. झोपडपट्टीत आयुष्य काढलेल्या कुटुंबांना हक्काचे घर मिळणे आणि माळावरील प्राण्यांना त्यांची जागा मिळणे या दोन्ही गोष्टी न्याय्य आहेत. त्यांतून मार्ग काढायचा तर कोणता माळ घरांसाठी द्यायचा आणि कोणता राखायचा हे आधी ठरलेले असावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी माळाची नोंद हवी.

नोंद असली तर काय घडते हे शेजारच्या बोरामणीत दिसले. तिथे नव्या विमानतळासाठी सुमारे साडेपाचशे हेक्टर जमीन संपादित करण्यात आली. खासगी शेतजमिनीचे संपादन पार पडले, पण नियोजित क्षेत्रात येणाऱ्या सुमारे ३३ हेक्टर वनजमिनीच्या आणि माळढोकाच्या अधिवासाच्या प्रश्नावर प्रकल्प वर्षानुवर्षे अडून राहिला. दरम्यान शहरालगतच्या होटगी रस्त्यावरील जुन्या विमानतळाचे नूतनीकरण झाले, त्यासाठी कुमठे येथील सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी मोठ्या वादानंतर जून २०२३ मध्ये पाडण्यात आली आणि जून २०२५ पासून तिथून नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली. साडेपाचशे हेक्टरांच्या योजनेत ३३ हेक्टरांची कागदावरील नोंद इतकी भारी ठरावी, आणि तशाच प्रकारच्या बाकीच्या माळाबद्दल कोणाला परवानगी मागण्याचीही गरज पडू नये, यातच कायद्याच्या रचनेचे मर्म आहे.

माळढोक अभयारण्य: अतिव्याप्त नोंदीचा अनुभव

मग संपूर्ण माळ अभयारण्य म्हणून घोषित करावा, असे उत्तर सहज सुचते. परंतु सोलापूरनेच ते करून पाहिले आहे. सत्तरच्या दशकात नान्नज परिसरात माळढोकांचे अस्तित्व पक्षिनिरीक्षकांनी लक्षात आणून दिले. अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रमाखाली चराईपासून राखलेल्या तुकड्यांत गवत चांगले वाढले होते आणि हा पक्षी तिथे वीण करत होता. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर अशा दोन जिल्ह्यांत मिळून तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य घोषित झाले. देशातील अनेक राष्ट्रीय उद्याने एकत्र केली तरी भरणार नाही इतके हे क्षेत्र होते, पण त्यात वनखात्याच्या ताब्यातील जमीन अत्यल्प होती. उरलेल्या भागात शेते, विहिरी, गावे, बाजारपेठा आणि तालुक्याची शहरेसुद्धा होती.

अभयारण्याच्या घोषणेनंतर जिल्हाधिकाऱ्यांनी त्या क्षेत्रातील लोकांच्या हक्कांची चौकशी करून ते मान्य करावेत किंवा मोबदला देऊन संपादित करावेत, अशी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील प्रक्रिया आहे. एवढ्या प्रचंड क्षेत्रात ती पार पाडणे अशक्यप्राय होते. परिणामी जमिनीची खरेदी-विक्री, बिगरशेती परवाने, रस्ते, कालवे अशा प्रत्येक बाबतीत शेतकऱ्याला अभयारण्याचा अडथळा जाणवू लागला आणि माळढोक म्हणजे जमिनीवरचा बोजा, अशी भावना गावोगाव रुजली. या भागातील रहिवाशांची मोहीम अधिवासाच्या बाजूने उभी राहण्याऐवजी अभयारण्याच्या सीमा कमी करण्यासाठी उभी राहिली; अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. माळढोक मात्र त्याआधीच झपाट्याने घटला होता. मादी विणीच्या हंगामात बहुधा एकच अंडे घालते, त्यामुळे घट भरून निघायला अनेक वर्षे लागतात. २०११ पासून हा पक्षी जागतिक पातळीवर अतिसंकटग्रस्त गणला जातो आणि देशात उरलेल्या सुमारे दीडशे पक्ष्यांपैकी बहुसंख्य राजस्थानात आहेत.

त्याच काळात, १९८० मध्ये, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटांसाठी केवळ २.१७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्याची हद्द स्पष्ट होती, जमीन वनखात्याच्या ताब्यात होती, आणि तेथील काळविटांची संख्या पुढे अनेक पटींनी वाढली. काळवीट आणि माळढोक यांच्या गरजा सारख्या नाहीत, माळढोकाला फिरायला मोठा मुलूख लागतो, हे खरे. तरीही ज्या नोंदीमागे ताबा, मोजणी आणि लोकांची संमती नसते ती कागदावर कितीही मोठी असली तरी जमिनीवर टिकत नाही, हे या दोन अभयारण्यांच्या तुलनेतून दिसते.

पाणथळींचा लढा: नवी मुंबई

रहिवाशांनी न्यायालयाच्या मार्गाने अधिवास राखल्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण नवी मुंबईच्या खाडीकाठावर सापडते. सीवूड्स परिसरातील पाणथळींवर, म्हणजे भरतीचे किंवा पावसाचे पाणी साचून राहणाऱ्या उथळ जागांवर, ठाणे खाडीत भरती आली की रोहित पक्षी, अर्थात फ्लेमिंगो, आश्रयाला येतात. या जागेवर सिडकोच्या नियोजनाखाली गोल्फ मैदान आणि निवासी बांधकाम होणार हे कळल्यावर स्थानिक रहिवाशांनी आणि पर्यावरण संस्थांनी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका, म्हणजे स्वतःच्या खासगी हक्कासाठी नसून सार्वजनिक हितासाठी केलेली याचिका, दाखल केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने या प्रकल्पाला दिलेली मुभा रद्द ठरवली आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

या रहिवाशांच्या हाती तीन भक्कम आधार होते. पहिला कांदळवनांचा: मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशाने कांदळवनांची तोड रोखली होती आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ती तोड हा संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग ठरवला होता. दुसरा नकाशाचा: राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींची नोंद होती आणि त्या सर्वांना पाणथळ नियमांच्या तत्त्वांनुसार संरक्षण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सांगितले होते. तिसरा शेजाराचा: ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, म्हणजे रामसर, यादीत स्थान मिळाले. पुढे याच परिसरातील डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याचे मार्ग बंद झाल्याने तळे कोरडे पडू लागले, तेव्हाही रहिवाशांनी पाठपुरावा केला आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे तीस एकरांचा हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली.

उपग्रहांवरून केलेल्या एका नकाशासंग्रहात पाणथळ ही जपण्याची गोष्ट म्हणून उतरली आणि दुसऱ्यात माळ हा सुधारण्याचा पडीक तुकडा म्हणून उतरला. सीवूड्सचे रहिवासी आणि कुंभारीचे रहिवासी यांच्या कायदेशीर सामर्थ्यातील अंतर बऱ्याच अंशी या दोन नकाशांमधले अंतर आहे.

आरे आणि मोले

नोंद नसली की झाडांनी भरलेली जमीनही कशी उघडी पडते, हे मुंबईतील आरे वसाहतीने दाखवले. १९४९ मध्ये दुग्धवसाहत म्हणून वसवलेल्या या सुमारे १,२८० हेक्टर क्षेत्रात बिबट्याचा वावर आहे, वारली आणि अन्य आदिवासींचे पाडे आहेत, आणि त्याला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तरीही मेट्रो-३ च्या कारशेडची जागा दप्तरात वन नव्हती, आणि डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानाभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला संरक्षक पट्टा, अधिसूचित झाला तेव्हा सुमारे १६५ हेक्टर क्षेत्र त्यातून वगळण्यात आले. रहिवाशांच्या व संस्थांच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळल्या आणि त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तेव्हा २,१४१ झाडे पडलेली होती. त्यानंतर सरकारे बदलली तशी कारशेडची जागा बदलली आणि पुन्हा आरेतच आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने ८४ झाडांपुरती परवानगी दिली आणि त्याहून अधिक झाडांसाठी परस्पर वृक्ष प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल एप्रिल २०२३ मध्ये मेट्रो महामंडळाला दहा लाख रुपये भरण्याचा आदेश दिला.

या लढ्यात कारशेड टळली नाही, मात्र २०२० मध्ये आरेतील सुमारे आठशे एकर क्षेत्र राखीव वन करण्याचा निर्णय राज्य सरकारला घ्यावा लागला. खटला एका तुकड्यासाठी चालला आणि त्याचा टिकाऊ लाभ उरलेल्या जमिनीच्या नोंदीच्या रूपाने पदरात पडला. याशिवाय आरेने अंतरिम स्थगितीचे, म्हणजे अंतिम निकालापर्यंत काम थांबवण्याच्या आदेशाचे, महत्त्व अधोरेखित केले. तोडलेले झाड किंवा नांगरलेला माळ निकाल बाजूने लागल्यावर परत येत नाही. म्हणून अधिवासाच्या खटल्यात पहिल्या काही दिवसांची लढाई शेवटच्या युक्तिवादाइतकीच मोलाची असते.

गोव्यात मोलेच्या राष्ट्रीय उद्यानातून आणि भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली. गोवा फाउंडेशन या संस्थेने कायद्याची बाजू लढवली आणि नागरिकांच्या मोठ्या मोहिमेने माहिती गोळा करून ती न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीपुढे मांडली. इथे अधिवासाची नोंद आधीपासून पक्की होती, त्यामुळे वाद जमीन कोणती आहे यावर न होता परिणामांचा पुरेसा अभ्यास झाला का यावर झाला, आणि अभ्यास अपुरा असल्याचे दाखवणे रहिवाशांना शक्य झाले.

कोणते दार ठोठावावे

सोलापूर जिल्ह्यातील रहिवाशांना अशा वादात दोन मुख्य न्यायमंच उपलब्ध आहेत. उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले असून सोलापूरसह सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे पर्यावरणविषयक वादांसाठी २०१० च्या कायद्याने स्थापन झालेले विशेष न्यायाधिकरण, याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. लवादाकडे पर्यावरण संरक्षण, वनसंवर्धन, जैवविविधता अशा ठरावीक कायद्यांचे वाद जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम त्या यादीत नसल्यामुळे अभयारण्याच्या सीमेसारखा प्रश्न उच्च न्यायालयातच न्यावा लागतो.

लवादाची मुदत कडक आहे. एखाद्या प्रकल्पाला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील तीस दिवसांत, आणि सबळ कारण दाखवल्यास त्यापुढील साठ दिवसांच्या आत, करावे लागते. इतर वादांत कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आणि त्यावर साठ दिवसांची सवलत आहे. मोठ्या प्रकल्पांना मंजुरीपूर्वी पर्यावरणीय आघात मूल्यांकन, म्हणजे संभाव्य परिणामांचा लेखी अभ्यास, करावा लागतो आणि अनेक प्रकारच्या प्रकल्पांत त्याच्या मसुद्यावर जनसुनावणी होते. त्या सुनावणीत लेखी हरकत नोंदवलेली असेल तर पुढील खटल्यात रहिवाशांची बाजू सुरुवातीपासून कागदावर असते. या अभ्यासांत माळाचे वर्णन ‘झाडे नसलेली पडीक जमीन, महत्त्वाचे वन्यजीव नाहीत’ अशा एका ओळीत उरकलेले असू शकते, आणि त्या ओळीला उत्तर देण्यासाठी लागणारी पक्ष्यांची, विणीची, लांडग्यांच्या वावराची तारीखवार निरीक्षणे गावात आधीच जमलेली असावी लागतात.

माळाला नोंद मिळवून देण्याचे मार्ग

अभयारण्याची व्यापक घोषणा हाच एक पर्याय नाही. २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात दोन सौम्य प्रकार आले: सरकारी जमिनीसाठी संवर्धन राखीव क्षेत्र आणि खासगी किंवा सामुदायिक जमिनीसाठी, मालकांनी स्वेच्छेने पुढे केल्यास, समुदाय राखीव क्षेत्र. दोन्हींच्या व्यवस्थापनात ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात, त्यामुळे माळढोक अभयारण्याने निर्माण केलेला दुरावा टाळता येतो. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातील वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीच्या पारंपरिक ज्ञानाची नोंद, ठेवणे अपेक्षित आहे. याच कायद्याखाली राज्य सरकार जैविक वारसास्थळ घोषित करू शकते. आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळ सापडलेल्या माशाच्या नव्या जातीसाठी २०२१ मध्ये अवघ्या २.११ हेक्टरांचे असे स्थळ घोषित झाले.

गायरानांसाठी वेगळा आधार आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ नुसार गुरांच्या मोफत चराईसारख्या प्रयोजनासाठी सरकारी जमीन राखून ठेवता येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामाईक जमिनी बळकावणाऱ्यांना हटवून त्या गावाला परत देण्याच्या योजना आखण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. चराईचा हक्क आणि वन्यजीवांचा अधिवास हे माळावर एकाच गवतावर उभे असल्यामुळे धनगर, पशुपालक आणि पक्षिनिरीक्षक यांची एकत्रित मागणी स्वतंत्र मागण्यांपेक्षा अधिक वजनदार ठरू शकते.

एका धोक्याकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. वनजमीन प्रकल्पाला दिली की तिच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावावी लागतात; याला पर्यायी वनीकरण म्हणतात, आणि त्यासाठी जागा शोधताना यंत्रणेची नजर पुन्हा पडीक म्हणून नोंदलेल्या माळाकडेच वळते. म्हणजे एका ठिकाणच्या जंगलाची भरपाई दुसऱ्या ठिकाणच्या गवताने करावी लागते आणि ती कायदेशीर असल्यामुळे तिला आव्हान देणे अधिकच कठीण जाते. माळाची नोंद ‘गवताळ अधिवास’ अशी झाली, तर तिथे झाडे लावण्याऐवजी गवत राखणे हीच भरपाई मानण्याचा आग्रह धरता येईल.

न्यायालयांनी तत्त्वांच्या पातळीवर वाट मोकळी केलेली आहे. हानी निश्चित सिद्ध होण्याची वाट न पाहता ती टाळावी हे सावधगिरीचे तत्त्व १९९६ पासून भारतीय कायद्याचा भाग आहे. नैसर्गिक संपत्तीचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे हेही त्याच वर्षीच्या निकालाने मान्य केले. आणि राजस्थान-गुजरातमधील माळढोक व वीजवाहिन्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वाहिन्या जमिनीखालून नेण्याचे आदेश दिले, तर मार्च २०२४ मध्ये सौरऊर्जेची गरज लक्षात घेऊन ते आदेश शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. या शेवटच्या प्रवासातून दिसते, की माळावरील पक्षी आणि देशाची ऊर्जा यांत न्यायालय सरसकट एक बाजू घेत नाही. कोणत्या तुकड्यात पक्षी खरोखर राहतो हे विचारते आणि त्या तुकड्यापुरते निर्बंध घालण्याकडे झुकते.

हाच प्रश्न उद्या कुंभारी-बोरामणीच्या माळाबद्दल विचारला जाईल, आणि त्याचे उत्तर वकिलाच्या युक्तिवादात तयार होणार नाही. सीवूड्सच्या रहिवाशांना पाणथळींचा नकाशा आयता मिळाला होता. सोलापूरच्या रहिवाशांना माळाचा नकाशा स्वतः करावा लागेल. गट क्रमांकानुसार गायरान आणि पोटखराब यांची यादी, त्यावरील विणीच्या जागांची वर्षानुवर्षांची निरीक्षणे, ग्रामसभेचे ठराव, जैवविविधता नोंदवहीतील उतारे आणि घरांसाठी, रस्त्यांसाठी कोणती जमीन देण्यास गावाची हरकत नाही याची तितकीच स्पष्ट नोंद, एवढी सामग्री हातात असेल तर राखायचा तुकडा लहान असला तरी तो टिकण्याची शक्यता वाढते. ८,४९६ चौरस किलोमीटरांच्या घोषणेने जे साधले नाही, ते गावाने मोजलेल्या आणि मान्य केलेल्या काहीशे एकरांनी साधू शकते. आणि तो दस्तऐवज तयार करण्याची योग्य वेळ प्रकल्पाची जाहिरात निघण्यापूर्वीची असते, कारण ती निघाल्यानंतर कायदा रहिवाशांना फक्त काही आठवडे देतो.